विहीर माझी, पाणी कोणाचे?



आपल्या वसईच्या पश्चिम पट्ट्यात विहीर नसलेले जुने घर शोधूनच काढावे लागेल. कोणाची विहीर अंगणात, कोणाची वाडीत, कोणाची दोन भावांच्या हद्दीवर. पूर्वी तिच्यावर रहाट होता, आता मोटर आहे. पूर्वी रहाटाचे पाणी पाटातून केळी-पानवेलींच्या वाफ्यांत जाई, आता बरेचसे पाणी गच्चीवरच्या टाकीत जाते. काही ठिकाणी ते टँकरमध्येही जाते.

उन्हाळा लागला आणि पाण्याची पातळी खाली गेली, की गावच्या बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येते: "जागा माझी, विहीर माझ्या बापजाद्यांनी बांधलेली, मोटरचे बिल मी भरतो. मग मी किती पाणी काढतो आणि कोणाला देतो हे विचारणारे तुम्ही कोण?"

हे वाक्य ऐकले की बैठकीत दोन तट पडतात. काही जण चिडतात, काही जण गप्प बसतात. गप्प बसणाऱ्यांना मनातून वाटते, बोलणे कडू आहे, पण खोटे काय आहे त्यात? माझ्या झाडाचे नारळ माझे, माझ्या कोंबडीची अंडी माझी, तसे माझ्या विहिरीचे पाणी माझे.

या प्रश्नाला रागाने नव्हे, विचाराने उत्तर द्यायला हवे. कारण त्याच्या उत्तरावरच आपण पाणी कसे वापरतो, कोणाशी वाटून घेतो आणि पुढच्या पिढीसाठी काय ठेवतो हे ठरते. पाणी वाचवा, नळ बंद करा, असे फलक आपण शाळेत, स्टेशनवर, दवाखान्यात वाचत आलो आहोत. पण का वाचवायचे? स्वतःचे बिल कमी व्हावे म्हणून, की त्यामागे दुसरे काही कर्तव्य आहे? विहिरीचे पाणी माझेच असेल, तर ते उधळण्याचा हक्कही माझा आहे. ते माझे एकट्याचे नसेल, तर मात्र उघडा राहिलेला नळ ही निव्वळ निष्काळजीची गोष्ट राहत नाही.

भांडे एकच, तोंडे अनेक

आपल्याकडे जुनी माणसे अभिमानाने सांगतात, "आमच्या विहिरीला पाताळाचा झरा आहे, ती कधी आटायची नाही." विहिरीवरचे प्रेम म्हणून हे बोलणे गोड आहे, पण पाण्याचे शास्त्र वेगळे सांगते. विहिरीतले पाणी पाताळातून येत नाही. ते आकाशातून येते. आपल्या भागात सरासरी दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यातला बराचसा वाहून खाडीला आणि समुद्राला मिळतो, काही वाफ होऊन जातो, आणि थोडा भाग माती-वाळूतून झिरपून खाली साठतो. हे साठलेले पाणी सात-बाराच्या उताऱ्यावरच्या रेघा मानत नाही. ते माझ्या कुंपणाखालून शेजाऱ्याच्या वाडीत आणि त्याच्या वाडीतून माझ्याकडे सावकाश सरकत असते. विहीर म्हणजे त्या साठ्याला पाडलेले एक भोक. एका मोठ्या हंड्याला पन्नास नळ्या लावून पन्नास जण पीत बसावेत, तशी आपल्या आळीतल्या विहिरींची स्थिती आहे.

म्हणून एखाद्या विहिरीवर मोठी मोटर लावून दिवसभर उपसा सुरू केला, की त्या विहिरीभोवतालची पातळी बशीसारखी खोलगट होत जाते आणि आजूबाजूच्या उथळ विहिरी आधी तळ गाठतात. ज्याची विहीर खोल आणि मोटर दमदार, त्याला हे कळतही नाही. कळते ते शेजारच्या म्हातारीला, जिच्या विहिरीचा तळ एप्रिलमध्येच दिसू लागतो.

समुद्राजवळ राहणाऱ्यांसाठी याहून गंभीर एक गोष्ट आहे. किनाऱ्यालगतच्या जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, कारण ते वजनाने हलके असते. भूजलाचा अभ्यास करणारे साधारण एक हिशेब सांगतात. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी १ फूट असेल, तर समुद्रसपाटीखाली सुमारे ४० फूट गोडे पाणी टिकून राहते. याचा उलट अर्थही तितकाच खरा आहे. उपसा करून वरची पातळी १ फूट खाली आणली, तर खालचे खारे पाणी कालांतराने ४० फूट वर चढू शकते. प्रत्यक्षात जमिनीच्या जातीप्रमाणे यात फरक पडतो, पण दिशा हीच. एकदा खारे पाणी शिरले, की एका चांगल्या पावसाळ्याने ते निघून जात नाही. ते विहिरीला लागते, केळीला लागते, चहाला लागते. अंगणात चार माणसे पाणी वापरतात तेव्हा आणि वीस टँकर भरतात तेव्हा परिणाम सारखा होत नाही, आणि तो परिणाम उपसणाऱ्याच्या एकट्याच्या वाट्याला येत नाही.

नारळ आणि पाणी यांत हाच फरक आहे. मी माझ्या झाडाचे सगळे नारळ उतरवले, म्हणून शेजाऱ्याच्या झाडाचे नारळ कमी होत नाहीत. मी माझ्या विहिरीचे सगळे पाणी काढले, तर त्याच्या विहिरीचे पाणी कमी होते.

कायदा काय म्हणतो?

कायद्याच्या भाषेत बोलणारेही आपल्यात आहेत, आणि त्यांचे म्हणणे निराधार नाही. इंग्रजांच्या काळातला १८८२ चा सुविधाधिकार कायदा आजही पुस्तकात आहे. आपल्या जमिनीखाली असलेले, ठराविक प्रवाहातून न वाहणारे पाणी गोळा करण्याचा आणि त्याचा विनियोग करण्याचा हक्क जमीनमालकाला आहे, असे त्यात मानले आहे. ज्या काळात विहिरीवर बैल किंवा रेडा चालत होता, त्या काळात या हक्काला एक नैसर्गिक मर्यादा होती. जनावर दमले की उपसा थांबे. मोटर दमत नाही.

काळ बदलला तसा कायद्याचाही सूर बदलू लागला. महाराष्ट्राने १९९३ साली पिण्याच्या पाण्यासाठी भूजल नियमनाचा कायदा केला. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर खोदू नये, असे त्यात सांगितले. पुढे भूजलाचा विकास आणि व्यवस्थापन यांसाठी २००९ चा अधिक व्यापक कायदा आला. केरळमध्ये पालक्काड जिल्ह्यातील प्लाचिमडा गावी शीतपेयांच्या एका कारखान्याने चालवलेल्या भूजल उपशावरून मोठा वाद झाला. डिसेंबर २००३ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी सांगितले, की भूजल ही जनतेची ठेव आहे आणि सरकार तिचे विश्वस्त आहे. २००५ साली त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने वेगळा निर्णय देऊन मालकाचा वाजवी उपशाचा हक्क मान्य केला. म्हणजे न्यायाधीशांमध्येही या प्रश्नावर एकमत झालेले नाही.

तेव्हा कायद्याच्या आधारे कोणी म्हणाले, की मला पाणी काढण्याचा हक्क आहे, तर त्याला एका शब्दात खोटे ठरवता येत नाही. पण कायदा मुभा देतो तेवढे सगळे करणे योग्य असते का? आई-वडिलांशी दिवसभर एक शब्द न बोलणे बेकायदेशीर नाही, तरी ते योग्य आहे असे कोणी म्हणणार नाही. कायद्याची हद्द संपते तिथून सदसद्विवेकाचे काम सुरू होते.

मालकी आणि वाटा

संपत्तीच्या मालकीविषयी ख्रिस्तसभेने पूर्वीपासून विचार केला आहे. तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांनी यात एक उपयुक्त भेद केला. वस्तू मिळवणे, सांभाळणे, तिची व्यवस्था पाहणे हे एका माणसाच्या हाती असणे त्यांनी योग्य मानले, कारण आपले म्हटलेल्या वस्तूची माणूस अधिक काळजी घेतो. पण उपयोगाच्या बाबतीत माणसाने ती वस्तू सर्वांची समजावी आणि गरजवंताला ती सहज द्यावी, असे त्यांनी सांगितले. व्यवस्था एकाची, उपयोग सर्वांचा.

हाच भेद विहिरीला लावून पाहा. विहिरीचा कठडा, तिची पायरी, मोटर, पंपाची खोली हे सर्व माझे आहे. ते मी बांधले, ते मी दुरुस्त करतो. पण पाणी मी तयार केले नाही. ते पावसाने दिले आणि सर्वांच्या जमिनीने साठवले. माझ्या विहिरीत आलेल्या पाण्यातले काही पलीकडच्या वाडीत पडलेल्या पावसाचे आहे, काही वरच्या अंगाच्या बावखलात मुरलेले आहे. म्हणून मला वाटते, की विहिरीवर आपली मालकी आहे, पण पाण्यात आपला वाटा आहे. मालकीला हद्द असते ती कुंपणाची. वाट्याला हद्द असते ती दुसऱ्याच्या वाट्याची.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या आपल्या परिपत्रकात पाण्याच्या प्रश्नाला स्वतंत्र जागा दिली. पिण्यायोग्य पाणी हा माणसाचा मूलभूत हक्क आहे, कारण जगणेच त्यावर अवलंबून आहे, असे त्यांनी त्यात स्पष्ट केले. त्याआधी जुलै २०१० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही पाण्याला मानवी हक्क म्हणून मान्यता दिली होती.

बायबलमध्ये तर विहिरींची भांडणे अगदी आपल्या आळीतली वाटावीत अशी आहेत. उत्पत्तीच्या सव्विसाव्या अध्यायात इसहाकची गोष्ट आहे. त्याचा बाप अब्राहाम याच्या काळात खणलेल्या विहिरी पलिष्ट्यांनी हेव्यापोटी मातीने बुजवल्या होत्या. इसहाकने त्या पुन्हा उकरल्या. नवी विहीर खणली तर गरारचे गुराखी म्हणाले, पाणी आमचे. दुसरी खणली, तिच्यावरही तंटा झाला. तिसरी खणली तेव्हा भांडण झाले नाही, आणि तिला त्याने रहोबोथ म्हणजे ऐसपैस जागा असे नाव दिले. या गोष्टीत दोन प्रकारची माणसे दिसतात. काही विहिरी बुजवतात, काही उकरतात. बुजवणाऱ्यांना पाणी नको होते असे नाही, त्यांना फक्त ते दुसऱ्याला मिळू नये असे वाटत होते. आपल्याकडे बावखले बुजवणारे तसे हेवेखोर नसतात. कोणाला गाडी उभी करायला जागा हवी असते, कोणाला डासांचा त्रास असतो, कोणाला जमिनीचा भाव दिसत असतो. पण हेतू कोणताही असला, तरी माती टाकल्यावर परिणाम तोच होतो.

बावखल म्हणजे काय हे आपल्या लहान मुलांना सांगायला हवे. पिढ्यान् पिढ्या आपल्या वाडवडिलांनी राखलेली ही छोटी तळी पावसाचे वाहते पाणी अडवत, वाडी भिजवत आणि हळूहळू जमिनीत मुरवत. शेजारच्या विहिरी त्यांच्यावर जगत. शेती कमी झाली, नळ आले, तशी बावखलांकडे पाठ फिरली. कचरा तिथे, पाडलेल्या घराची माती तिथे. गेल्या काही वर्षांत वसईतील तरुणांनी पावसाळ्यापूर्वी बावखले साफ करण्याचे काम हाती घेतले, ही आनंदाची गोष्ट आहे. 'थेंबे थेंबे तळे साचे' असे आपण मुलांना शिकवतो. तळेच बुजवले तर थेंब साचणार कुठे?

तहानलेल्याला पाणी विकणे चुकीचे आहे का?

आता अवघड प्रश्नाकडे येऊ. आपल्या धर्मग्रामातही काही विहिरींवर टँकर भरले जातात. त्या कुटुंबांकडे बोट दाखवणे सोपे आहे. पण त्यांचेही म्हणणे ऐकले पाहिजे. ते म्हणतात, "हे पाणी आम्ही गटारात सोडत नाही. ज्या इमारतींना नळ नाही किंवा दोन दिवसांआड येतो, तिथल्या माणसांना ते जाते. तीही माणसेच आहेत. शेतीत आता काही उरले नाही, मुलांच्या शिक्षणाचा खर्च कशातून करायचा?"

या म्हणण्यात खरेपणा आहे. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाखांच्या वर गेली होती, आणि त्यानंतर ती वाढतच गेली. इमारती आधी आल्या, पाणी मागाहून. त्या इमारतींत राहणाऱ्यांनी आयुष्याची कमाई घालून घर घेतले. त्यांची तहान खोटी नाही. 'आमच्या गावाचे पाणी बाहेरच्यांना नको' एवढेच आपले म्हणणे असेल, तर ते गरारच्या गुराख्यांचे म्हणणे आहे, आणि ख्रिस्ती माणसाला ते शोभत नाही.

पण आकडे मांडून पाहू. एका टँकरमध्ये साधारण १० हजार लिटर पाणी मावते. समजा, एका विहिरीवरून दिवसाला २० टँकर जातात. म्हणजे २ लाख लिटर. आता १०० चौरस मीटरचे छप्पर घ्या. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. दोन हजार मिलिमीटर पावसात त्या छपरावर अख्ख्या पावसाळ्यात २ लाख लिटर पाणी पडते. एका घराच्या छपरावरचा वर्षभराचा सगळा पाऊस एका दिवसात रस्त्याने निघून जातो. आणि हे दिवस मार्च ते जूनपर्यंतचे, जेव्हा वरून एक थेंबही भर पडत नसते.

म्हणून प्रश्न तहानलेल्याला पाणी द्यावे की नाही, हा नाही. द्यावेच. प्रश्न असा आहे, की जे सर्वांचे आहे ते एकाने विकावे, पैसे एकाने घ्यावेत आणि खारे पाणी मात्र सर्वांनी वाटून घ्यावे, हे न्याय्य आहे का? तहानलेल्यांची सोय शेजाऱ्याला तहानलेले करून होत असेल, तर ती सोय नव्हे, तहानेची बदली आहे. शिवाय विहीर खारी झाली की टँकर दुसऱ्या विहिरीकडे जातो. मागे राहतो तो विहिरीचा मालक आणि त्याची मुले. टँकर भरणाऱ्या कुटुंबांचाही खरा शत्रू त्यांना दोष देणारा शेजारी नाही, ही गोष्ट आहे.

सूर्या नदीचे पाणी

इथवर वाचून ज्यांना बरे वाटले असेल, त्यांनी पुढचे सावकाश वाचावे.

आपल्या नळाला जे पाणी येते, ते कुठून येते? उसगाव आणि पेल्हार ही आपल्या तालुक्यातली धरणे. पण मोठा वाटा येतो सूर्या नदीचा, पालघर जिल्ह्यातील धामणी धरणातून. हे धरण उभे राहिले ते मुळात डहाणू, पालघर, विक्रमगड या भागातील आदिवासी शेतकऱ्यांच्या सिंचनासाठी. त्यासाठी माणसे विस्थापित झाली. पुढे शहरे वाढली आणि धरणाच्या पाण्यात पिण्याच्या पाण्याचा वाटा वाढत गेला. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची सूर्या पाणीपुरवठा योजना रोज ४०३ दशलक्ष लिटरची आखली गेली. त्यांपैकी १८५ दशलक्ष लिटर वसई-विरारसाठी आणि २१८ दशलक्ष लिटर मीरा-भाईंदरसाठी. सूर्याकाठच्या शेतकऱ्यांनी याविरुद्ध वेळोवेळी आवाज उठवला. त्यांचे म्हणणे काय? धरण आमच्या जमिनीवर, पाणी आमच्या शेतीसाठी, आणि जाते मात्र शहराकडे.

शब्द ओळखीचे वाटतात ना? टँकरविषयी आपण जे बोलतो, तेच ते आपल्याविषयी बोलतात. आपण विहिरीच्या कठड्यावर उभे राहून लुटले जाणारे असतो, आणि स्वयंपाकघरातला नळ उघडला की घेणारे असतो. एकाच घरात, एकाच सकाळी.

हे मनाला लावून घेऊन नळ बंद करावा, असे मी म्हणत नाही. शहरातल्या माणसालाही प्यायला पाणी लागते. पण दोन गोष्टी यातून ठरतात. पहिली, आपल्या गावच्या पाण्यासाठी न्याय मागताना तोच न्याय सूर्याकाठच्या माणसांसाठीही मागितला पाहिजे. नाहीतर तो न्याय नव्हे, आपला फायदा. दुसरी, जे पाणी कोणाच्या तरी शेताच्या वाट्याचे आपल्याकडे आले आहे, ते गाडी धुण्यात घालवता येत नाही. पाहुणा म्हणून जेवायला बसलेला माणूस ताटात अन्न टाकत नाही, तसे.

एका बादलीने काय होणार?

"इकडे टँकर जातात, तिकडे इमारतींच्या टाक्या वाहून जातात, आणि आम्ही बादलीभर पाणी वाचवून काय होणार?" हा प्रश्न विशेषतः आपल्या भगिनी विचारतात, कारण घरातल्या पाण्याचा सारा हिशेब त्यांच्याच डोक्यावर असतो.

प्रामाणिकपणे सांगायचे, तर एका घराच्या एका बादलीने विहिरीची पातळी वाढणार नाही. पण घरातल्या सवयींचा आकडा वाटतो तितका लहानही नाही. शॉवरखाली दहा मिनिटे आंघोळ केली, तर ८० ते १०० लिटर पाणी जाते. बादलीने २० लिटरमध्ये तेच काम होते. पाणी शुद्ध करण्याचे आरओ यंत्र एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर पाणी नळीवाटे बाहेर टाकते. ते पाणी फरशी पुसायला, संडासात टाकायला चालते. ठिबकणाऱ्या नळाखाली रात्री तांब्या ठेवा आणि सकाळी पाहा, काय वाया गेले ते कोणी सांगावे लागणार नाही. शहरी पाणीपुरवठ्याचे माप माणशी रोज १३५ लिटर धरले जाते, तर खेड्यांतील जलजीवन मिशनचे माणशी ५५ लिटर. या दोन आकड्यांमधल्या अंतराचा विचार प्रत्येकाने आपल्या घरी करावा.

आणि या हिशेबात एक बाब सहसा येत नाही. आपल्यापैकी अनेकांनी घरामागे खोल्या काढून भाड्याने दिल्या आहेत. तिथे राहणाऱ्या कुटुंबांना सकाळी अर्धा तास पाणी सोडले जाते. हंडे, कळश्या, डबे लावून बाया रांगेत उभ्या राहतात. त्याच वेळी पुढच्या अंगणात नळीने बाग भिजत असते. भाड्याच्या करारात कदाचित अर्धाच तास लिहिलेला असेल. पण विहिरीतले पाणी आपला वाटा आहे, मालकी नाही, हे मान्य केले, तर त्या खोलीतल्या लहान मुलाचाही त्यात वाटा आहे. पाणी वाचवण्याची सुरुवात कुठून करावी असे कोणी विचारले, तर मी म्हणेन, बागेची नळी बंद करून मागच्या नळाची वेळ वाढवण्यापासून. वाचवलेले पाणी कोणाच्या तरी हंड्यात पोचले पाहिजे. नाहीतर ती नुसती काटकसर झाली.

एका बादलीने पातळी वाढत नसेल, पण बादली मोजणारा माणूस बदलतो. ज्याने घरात नळ बंद करायची सवय लावली, तोच बैठकीत टँकरविषयी मोकळेपणाने बोलू शकतो, आणि त्याचेच बोलणे ऐकले जाते. इथल्या माणसांनी एकत्र येऊन काही केल्याचे उदाहरण दूर शोधायला नको. १९९० च्या आसपास फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीने केलेले आंदोलन आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवते. फादर २५ जुलै २०२४ रोजी देवाघरी गेले. वसईची हिरवळ टिकवण्यासाठी त्या वेळी साध्या शेतकरी घरांतली माणसे रस्त्यावर आली होती. ती हिरवळ ज्या पाण्यावर उभी होती, ते राखण्याचे काम आता आपल्याकडे आहे.

आपल्या समूहासाठी

विचार केला, आता हाताशी असलेली कामे पाहू. छोट्या ख्रिस्ती समूहांच्या बैठकीत पुढील गोष्टींवर बोलणे व्हावे.

पहिली, आपल्या आळीतल्या विहिरी आणि बावखले यांची यादी करावी. कोणती वापरात आहे, कोणती बुजत चालली आहे, कोणाचे पाणी मचूळ झाले आहे, हे लिहून काढावे. महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, दोराला दगड बांधून विहिरीतली पातळी मोजावी आणि वहीत नोंदवावी. शाळकरी मुले हे काम आनंदाने करतील. दोन वर्षांची वही हातात असली, की बैठकीत आवाज चढवण्याची गरज उरत नाही.

दुसरी, छपराचे पाणी विहिरीकडे वळवावे. वर सांगितलेल्या १०० चौरस मीटरच्या छपरावरचे पाचवा हिस्सा पाणी वाया गेले असे धरले, तरी १ लाख ६० हजार लिटर उरते. पाच माणसांच्या घराला, माणशी १३५ लिटर धरून, ते जवळजवळ आठ महिने पुरेल इतके आहे. पहिल्या एक-दोन पावसांचे धुळीचे पाणी बाहेर सोडावे. त्यानंतरचे पाणी खडी, वाळू भरलेल्या गाळणीतून विहिरीत किंवा तिच्याजवळच्या शोषखड्ड्यात न्यावे. संडासाची टाकी जवळ असेल तिथे मात्र असा खड्डा घेऊ नये.

तिसरी, एप्रिल आणि मे महिन्यांत मोटर किती तास चालवायची याबद्दल शेजाऱ्यांनी आपसात ठरवावे. हा ठराव कायद्याचा नसेल, पण शब्दाचा असेल. टँकर भरणाऱ्या कुटुंबांनाही या बोलण्यात सन्मानाने बोलवावे. त्यांची अडचण समजून घ्यावी आणि पर्याय शोधायला त्यांच्याबरोबर बसावे. त्यांना वगळून केलेला ठराव टिकणार नाही.

चौथी, बावखल बुजवण्याचा विचार कोणाच्या मनात असेल, तर माती टाकण्याआधी आळीतल्या विहिरीवाल्यांना एकदा विचारावे. जागा तुमची असेल, पण तिच्यात मुरणारे पाणी त्यांच्याकडेही जाते.

पाचवी, महानगरपालिकेकडे नळाच्या पाण्याची मागणी करताना सूर्या नदीकाठच्या शेतकऱ्यांच्या सिंचनाचा हक्कही त्याच निवेदनात लिहावा.

"विचारणारे तुम्ही कोण?" या प्रश्नाला आता उत्तर देता येईल. आम्ही त्याच भांड्यातून पिणारे आहोत. आम्ही तुमच्या विहिरीवर हक्क सांगायला आलेलो नाही. आमच्या वाट्याची आठवण द्यायला आलो आहोत, आणि आमच्या हातून तुमचा वाटा कमी होत असेल, तर तेही ऐकून घ्यायला आलो आहोत. येत्या समूह-बैठकीत प्रत्येकाने हे शेवटचे वाक्य आधी स्वतः म्हणावे, आणि मग बोलायला सुरुवात करावी.